दोघांना एकच दावं

१

ताईबाईला रोज दोन जीव राखावे लागत. एक कुत्रं आणि दुसरा नवरा. हे तिच्या तोंडून ऐकलं की बाया पदराआड हसायच्या, तीही हसायची, पण ती काही गंमत म्हणून सांगत नव्हती. सकाळी डोळा उघडला की आधी हात जायचा अप्पांच्या वाकळेवर. वाकळेखाली माणूस लागला की मग दाराबाहेर बघायचं, जॉनी खुंट्याला आहे का. दोघं जागेवर असले तर चूल पेटवायची. एखादा नसला तर चूल तशीच, केस तसेच, निघायचं हाका मारत.

अंथुर्ण्याच्या शिवारात तिचं घर. गावापासून लांब, रानातच. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सारवलेलं अंगण, आणि अंगण संपलं की ऊस सुरू. कूड नाही, काटी नाही, तार नाही. मुलगा सुमित वालचंदनगरला कामाला, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा. दर खेपेला म्हणायचा, "आये, तारेचं कुंपण मारून घिऊ." पण रान होतं तेवढंसं, आणि तिन्ही अंगांनी संभाजीरावांचा ऊस. कुंपण म्हटलं की बांध मोजणं आलं, बांध मोजणं आलं की भांडण आलं. ताईबाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाबा. आजवर कोण पळालंय हितनं?"

मग अप्पाच पळायला लागले.

किल्लारीला भूकंप झाला त्या साली त्यांच्या डोक्यातलं काहीतरी सुटलं. गाठोड्याची गाठ सैल व्हावी आणि चालता चालता एकेक जिन्नस वाटेत पडत जावा, तसं. आधी माणसांची नावं पडली. मग जेवल्याची आठवण पडली. मग घर कुठलं तेही पडलं. ताईबाईला ते आक्का म्हणायला लागले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती वारून जमाना झालेला. "आक्का, मला घरी सोड," असं म्हणून ते घरातनंच निघायचे आणि उसात शिरायचे.

उसात शिरलेला माणूस हाताच्या अंतरावर असला तरी दिसत नाही. ताईबाई सरीसरीनं हाका मारत फिरायची. पाल्यानं हात कापायचे, गळ्यावर रेघा उठायच्या, घाम लागला की त्या चुरचुरायच्या. सापडले की म्हणायची, "अहो, चला." तेवढे दोनच शब्द. त्या दिवसांत ती दुसरं काही फारसं बोललीच नाही.

बारामतीचा डॉक्टर म्हणाला, ह्याला औषध नाही, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणायला त्याचं काय जातं? तो दवाखान्याला कुलूप लावून घरी जातो.

२

जॉनीला आणलं ते सुमितनं. कॉलनीतल्या एका साहेबाची मद्रासला बदली झाली आणि त्याचं कुत्रं मागं राहिलं. लांब लोंबते कान, आखूड पाय, आणि डोळे असे की आत्ताच रडून उठलंय. संभाजीरावांच्या घरच्या द्वारकाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ताईबाई, ह्येच्या घरचं कोण मेलंय गं?"

"साहेब गेलं त्येचं."

"आगं बया. कशानं?"

"बदलीनं."

पण सुमित म्हणाला, "हसू नका. नाकाचं लई तिखट हाय. शिकारीचं कुत्रं ह्ये. एकदा माणसाचा वास दिला की पाताळातनं हुडकून काढतंय. अप्पा गेले की ह्येला सोडायचं, मागनं जायचं."

बेत चांगला होता. पण ज्याच्या जिवावर नवरा हुडकायचा तेच हरवायला लागलं. जॉनीचं नाक एकदा जमिनीला लागलं की त्याचे कान बंद. मुंगसाचा वास आला की मुंगसामागं, साळूचा वास आला की साळूमागं, आणि वाटेत घोरपड आडवी गेली असली तर तिच्यामागं. अंगण कुठं संपलं, रान कुठं संपलं, त्याला काही नाही. एकदा तर ते बावड्याच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढं सापडलं. ताईबाईनं ओढाळ गुरांच्या गळ्यात अडकवतात तसं लाकडाचं लोढणं अडकवलं. मोठं लाकूड असलं की त्याला हलता येईना. बारकं बांधलं की ते तेवढं लोढणं घेऊनच जायचं, आणि उसात कुठंतरी अडकून बसायचं रडत. दावं बांधावं तर दातानं तोडायचं.

तेव्हा ताईबाईला आईची युक्ती आठवली. नवं जनावर दारात आलं की तिची आई भाकरीचा तुकडा काखेत धरायची. घाम मुरू द्यायची आणि तो चारायची. ते जनावर मग त्या माणसाला सोडून जात नाही.

आता ह्यात देवदेवस्की काही नाही. छप्पन सालानंतर अप्पांनीच घरातले देवांचे टाक पाटीत घालून नीरेत सोडले होते, आणि त्यापुढं ह्या घरात ना अंगारा आला, ना उतारा निघाला. भाकरी म्हणजे वासाचं काम. कुत्र्याला वास कळतो, माणसाला अंगाचा वास असतो, झालं. ताईबाई शाळेत गेली नव्हती तरी एवढा हिशोब तिला कळत होता.

मात्र तिनं एक केलं. भाकरी तिनं स्वतःच्या काखेत धरली नाही. तिला वाटलं, कुत्रं माझ्यामागं लागून मला काय करायचंय? ते अप्पांमागं लागू दे. अप्पा कुठं जातील तिथं ते जाईल, आणि अप्पा घरात असले की तेही घरात राहील. दोघांना एकच दावं. ती अप्पांजवळ बसली, त्यांचा हात उचलला, गरम भाकरी काखेत दाबून धरली. अप्पा हसत राहिले. "आक्का, गुदगुल्या हुत्यात." भाकरी ओली झाली, तिला त्यांच्या अंगाचा आंबूस वास लागला, तशी तिनं ती जॉनीपुढं टाकली. जॉनीनं ती जिभेनं चाटली, मग डोळे मिटून सावकाश खाल्ली.

चार-पाच दिवस तिनं असं केलं, आणि युक्ती लागू पडली. मुंगूस अंगणातनं गेलं तरी जॉनी मान वर करून बघायचा आणि परत अप्पांच्या बाजेखाली डोकं ठेवायचा. दाव्याची गरज उरली नाही. अप्पा उसात शिरले की तो मागं जायचा आणि सापडले की लांबलचक सूर काढायचा. मुंगसावरचं भुंकणं तुटक, चिरकं. हा सूर वेगळा होता, देवळातली घंटा वाजून गेल्यावर मागं जो घुमारा राहतो तसा. तो ऐकला की ताईबाई त्या दिशेनं सरळ चालत जायची, आणि तिथं अप्पा बसलेले असायचे, जॉनीचे कान चोळत.

तेवढ्यानंही तिला केवढा आराम पडला होता.

३

मग ते कोंबडीचं झालं.

द्वारकाबाईंची एक तलंग मेली. जॉनीनं मारली की मुंगसानं, कुणी बघितलं नव्हतं, पण पिसं जॉनीच्या तोंडाला होती. द्वारकाबाई भांडायला आल्या नाहीत, नुसत्या पिसं घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून गेल्या. ते भांडणापेक्षा वाईट. ताईबाईनं जॉनीला जाड दाव्यानं खुंट्याला बांधलं, वर लोढणंही अडकवलं, आणि माफी मागायला त्यांच्या वस्तीवर गेली. चहा झाला, बोलणं झालं. परत आली तर बाज रिकामी, आणि जॉनी दावं ताणून गळा फाटेस्तोवर ओरडत होता.

तिला त्याला सोडायचं सुचायला हवं होतं. पण ती आधी स्वतःच धावली, नेहमीच्या सरीनं, नेहमीच्या हाका मारत. माणसं जमली. संभाजीरावांचा गडी भीमा दुसऱ्या अंगानं गेला. ऊन कलायला लागलं आणि ताईबाई बांधावर बसून राहिली. तेवढ्यात भीमाची हाक आली. अप्पा सापडले होते. उसात नाही, पार पलीकडं, पाण्याच्या चारीच्या कडेला, पाय पाण्यात सोडून बसलेले.

"आपणहून उठलं," भीमा सांगत होता. "मी म्हनलं अप्पा घरी चला, तर म्हणलं, चला. वाटंत कुठं हात पण धरावा लागला न्हाय."

ताईबाईनं त्यांना दगडावर बसवलं आणि पाय धुतले. एवढं उसात फिरून आलेले पाय, पण तळव्यांना एक चीर नव्हती. टाचांच्या भेगाही नव्हत्या. तळवे मऊ आणि पांढरे, लहान पोराचे असावेत तसे. दिवसभर पाण्यात होते, तिनं मनाशी म्हटलं. भिजून फुगल्या असतील भेगा, बुजल्या असतील.

मग तिनं जॉनीला सोडलं. तिला वाटलं तो झेप घेईल, तोंड चाटेल. जॉनी आला. त्यानं अप्पांच्या पायाला नाक लावलं, धोतराला लावलं, हाताला लावलं. एकदा शिंकला. मग वाटेतल्या खांबाला वळसा घालावा तसा त्यांना वळसा घालून तो अंगणाच्या कडेला गेला, उसाकडं तोंड करून उभा राहिला आणि त्यानं तो लांब सूर काढला.

४

त्या दिवसापासून अप्पा कुठं गेले नाहीत.

सकाळी वाकळेखाली असायचे. उठून वाकळ घडी करून ठेवायचे. आंघोळ आपली आपण करायचे, ताटात काही सांडायचे नाहीत, आणि मग बाजेवर बसायचे, हात मांडीवर ठेवून, ऊन पायावर येईपर्यंत आणि पायावरनं जाईपर्यंत. एकदा ती भाकरी थापत असताना मागनं आवाज आला, "ताईबाई, पाणी दे." तिचा हात परातीतच थांबला. किती दिवसांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. तिला रडू यायला पाहिजे होतं. तिनं पाणी दिलं.

रविवारी सुमित आणि सून करुणा आले. करुणा वालचंदनगरला दवाखान्यात नर्स होती. तिनं अप्पांची नाडी बघितली, डोळ्यात बघितलं.

"काय नाव माझं, अप्पा?"

"करुणा."

"माझं माहेर कुठलं?"

"माहेर निमगावचं. बापाचं नाव बुद्धघोष."

सुमित बाहेर येऊन आईच्या शेजारी बसला. "बघ आये, फरक पडला. डॉक्टर म्हणालंच व्हतं, कधी कधी असं हुतंय, माणूस मधीच नीट हुतो."

"डॉक्टर असं कवा म्हणालं?"

"आगं म्हणतात ते. तू सुखानं झोप आता."

आणि ताईबाई झोपली. दोन वर्षं उंबऱ्याला आडवी पडून झोपत होती, की ते निघाले तर अंगाला पाय लागावा. ती आता आत वाकळ टाकून झोपली. अंगातली हाडं एकेक करून खाली ठेवावीत तसं झालं तिला. केस विंचरले. खूप दिवसांनी डाळीला फोडणी दिली. असं सुख असताना उगाच उकरून बघू नये, हे तिला कळत होतं.

पण जॉनी उकरत होता. खाणं त्यानं टाकलं. सकाळ-संध्याकाळ अंगणाच्या कडेला जाऊन उसाकडं तोंड करून तोच सूर. मुंगसावरचा नव्हे. सापडले म्हणून सांगायचा तो सूर. आणि अप्पा तर इथं बाजेवर. सोडला की तो सरळ उसात घुसायचा, आणि परत यायचा तेव्हा शेपूट हलवत यायचा, अंगाला पाचट, तोंडावर समाधान. मग अंगणात आला, बाजेवरच्या माणसाकडं बघितलं, की शेपूट खाली.

द्वारकाबाईंना तिनं हे अर्धंमुर्धं सांगितलं.

"बावड्याला एक जण बघतो," त्या म्हणाल्या. "नारळ तेवढा न्यायचा."

"आमच्यात न्हाय ते, वैनी. आमी सोडलंय."

"तुमी सोडलंय गं. पर व्हायचं ते काय तुमाला इचारून व्हतंय?"

ताईबाई उठली. घरी येताना तिनं एकेक गोष्ट बोटावर धरून नीट लावली. कुत्रं म्हातारं झालंय. त्याचं नाक बिघडलंय. किंवा उसात अप्पांचा जुना वास राहिला असेल, इतक्या वेळा गेले, इतक्या वेळा बसले तिथं. माती वास धरते. सगळं बरोबर लागत होतं. फक्त जॉनी परत येताना त्याच्या कानामागचे केस चोळलेले असायचे, एका बाजूला वळलेले. ते कुठं लावायचं, तिला कळत नव्हतं.

५

एके दिवशी दुपारी तिनं भाकरी केली आणि तुकडा मोडून बाजेपाशी गेली.

"हात वर करा जरा."

अप्पांनी विचारलं नाही कशाला. गुदगुल्या होतील असंही म्हणाले नाहीत. हात वर केला, तिनं तुकडा ठेवला, त्यांनी हात खाली घेतला आणि ते समोर बघत राहिले. ताईबाई शेजारी बसून राहिली. दिवाळी व्हायची होती, पण दुपारचं ऊन अजून तापत होतं. पत्रा कडकड वाजत होता. तिच्या स्वतःच्या पाठीवरनं घामाची धार गेली.

"झालं?" अप्पा म्हणाले.

तिनं तुकडा काढला. काखेत एवढा वेळ असलेली भाकरी जशी ठेवली तशी होती. ओली नाही. गरमही नाही, तव्यावरची जी ऊब होती तीही गेलेली. तिनं ती नाकाला लावली. भाकरीचाही वास येईना.

जॉनीपुढं तिनं तो तुकडा टाकला. जॉनीनं वास घ्यायला मान खाली केली, मग मागं सरकला. दाव्याला ताण बसेपर्यंत मागं सरकला, आणि तिथं थरथरत बसला. संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याला मुंगीसुद्धा लागली नाही.

"खात न्हाय का?" बाजेवरनं अप्पांनी विचारलं.

"भूक नसंल त्येला."

"दिऊन टाक कुणाला. सुमितला सांग. लई ओरडतंय."

बोलणं शहाण्या माणसाचं होतं. घरातल्या कर्त्या माणसानं असंच बोलावं. ताईबाईनं हो म्हटलं आणि तुकडा उकिरड्यावर टाकून आली.

६

दिवाळीनंतर संभाजीरावांच्या उसाला तोड आली. टोळी उतरली, रस्त्याच्या बाजूनं कोयते चालू झाले. रोज ऊस थोडा मागं सरकायचा आणि मोकळं रान थोडं पुढं यायचं. इतके महिने जे आड होतं ते दिसायला लागलं. भीमाची खोपी दिसली, विहिरीचा कठडा दिसला, लांबची बाभळ दिसली.

जॉनीचा सूरही त्याबरोबर सरकत होता. आधी तो लांबनं ऐकू यायचा. आता उसाचा जो तुकडा उभा असेल त्यातनं, आणि तुकडा तर रोज घराकडंच आक्रसत येत होता. शेवटी अंगणाच्या मागचा पट्टा तेवढा उरला. टोळीतली साखरबाई पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, "उद्याच्याला ह्यो काढला की झालं बगा. मोकळं."

"बरं हुईल," ताईबाई म्हणाली.

टोळी गेली. सूर्य बाभळीवर होता. अप्पा बाजेवर होते, हात मांडीवर ठेवून. ताईबाईनं जॉनीचं दावं खुंट्यावरनं सोडलं, पण हातात धरून ठेवलं. तिनं मनाशी काही ठरवलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं, उद्या मोकळं झाल्यावर सगळ्यांच्या देखत बघण्यापेक्षा आज आपण बघू.

जॉनी ओढत नव्हता. वाट माहीत असल्यासारखा चालत होता. आत शिरल्याबरोबर उजेड हिरवा झाला आणि मग काळपट. पाला गालाला लागत होता. पायाखाली पाचटाचा आवाज होत होता, तिचा एक आणि जॉनीचा एक. थोडं आत गेल्यावर तिला पाचटात दबलेली जागा दिसली, कुणी बसतं-उठतं तिथं होते तशी. बाजूला चावून टाकलेली उसाची चिपाडं. कोल्ह्यानं टाकली असतील. कोल्हं ऊस खातं.

मग दाव्याला ओढ लागली आणि दावं स्थिर झालं. जॉनी थांबला होता. त्याचं पुढचं अंग उसाच्या आड, मागचं तिच्याकडं, आणि शेपूट हळूहळू हलत होती. सूर त्यानं काढला नाही. आता सूर काढायची गरज नव्हती.

ताईबाईनं एक कांडं हातानं बाजूला केलं.

तिला फक्त हात दिसला. मनगटापुढचा. पाल्यातनं बाहेर आलेला, जॉनीच्या डोक्यावर ठेवलेला. मनगट काटकीसारखं वाळलेलं, नखात माती, आणि हातभर चिरा, जुन्या काळ्या पडलेल्या, नव्या लाल. तो हात कुत्र्याचा कान चोळत होता. सावकाश, दोन बोटांत धरून, कानाच्या मुळापासनं टोकापर्यंत. जॉनीनं डोळे मिटले होते.

अहो, चला. एवढंच म्हणायचं होतं. हे दोन शब्द ती झोपेतही म्हणायची. तिनं तोंड उघडलं आणि तिच्यापुढं सगळं आलं. उंबऱ्याला आडवं झोपणं. भरलेलं धोतर. मी तुमची आक्का न्हाय ओ. पुन्हा सरी, पुन्हा पाला, पुन्हा हाका, आणि ह्याला शेवट कुठला ते माहीत नाही. आणि घरी बाजेवर जो बसलाय, त्याला काय सांगायचं? की उठ?

तिनं तोंड मिटलं.

हात थांबला. तिच्या श्वासाचा आवाज ऐकला असावा. बोटं जरा उचलली गेली, तिच्या बाजूला वळली, अंधारात भिंत चाचपावी तशी.

ताईबाईनं दावं ओढलं. जॉनी हलेना. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं, ते कुत्रं पाचटातनं फरफटत आलं आणि ती मागं न बघता निघाली. मागनं पाचट वाजत होतं. ती थांबली की थांबत होतं, ती निघाली की निघत होतं. ऊस संपला आणि ती अंगणात पाऊल टाकून उभी राहिली, तेव्हा मागचा आवाज उसाच्या कडेला येऊन थांबला. पुढं आला नाही. मध्ये कूड नव्हती, काटी नव्हती, काही नव्हतं.

बाजेवरनं अप्पांनी मान वळवली.

"घावला?"

ताईबाईनं दावं खुंट्याला गुंडाळलं. आखूड बांधलं, जॉनीला उठून उभं राहण्यापुरतं.

"कोण घावायचं हाय?" ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली, आणि परत समोर बघायला लागले.

७

दुसऱ्या दिवशी टोळी पट्ट्याला लागली. ताईबाई घरातच राहिली. धान्य निवडायला घेतलं, पण सूप मांडीवरच राहिलं. कोयत्याचा आवाज भिंतीमागनं येत होता, खच, खच, आणि बायांचं बोलणं, मध्येच हसणं. ती त्या आवाजाच्या मध्ये कान लावून बसली होती. आत्ता कुणी ओरडेल. आत्ता कोयते थांबतील आणि कुणीतरी म्हणेल, आवं, हितं बघा.

जॉनी आखूड दाव्यावर गोल गोल फिरत होता. मग त्याचा सूर सुरू झाला. लांब, सारखा. टोळीतला एकजण ओरडला, "आवं मावशी, कुत्र्याला घाला की कायतरी खायला." सगळी हसली. कोयते चालूच होते.

ताईबाई उठून दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. आत्ता जाऊन सांगावं, जरा थांबा, आत माणूस हाय. पण मग ती म्हणतील, कोण? आणि ती काय म्हणणार? माझा नवरा? तो तर तुमच्या समोर बाजेवर बसलाय, सगळी जाता येता त्याला राम राम करता. कडी गार होती. ती तशीच हात ठेवून उभी राहिली.

दुपार व्हायच्या आत कोयते थांबले. कुणी ओरडलं नाही. मोळ्या बांधल्याचा आवाज आला, गाडी आली, गेली. साखरबाई दारात आली, पदरानं तोंड पुसत.

"झालं बगा मोकळं. आता तुमचं घर रस्त्यावनं दिसतंय."

"काय निघालं का उसातनं?" ताईबाईनं विचारलं. "ससंबिसं?"

साखरबाई पाणी पिता पिता थांबली. तिनं ताईबाईकडं बघितलं, मग बाजेवरच्या अप्पांकडं, आणि तांब्या खाली ठेवला. "काय न्हाय," ती म्हणाली. "काय निघालं न्हाय." आणि राहिलेलं पाणी न पिताच ती गेली.

मग ताईबाईच्या ध्यानात आलं की जॉनी गप्प आहे. तो फिरायचा थांबला होता. जमिनीला नाक लावून त्यानं एकदा चारी बाजूंना वास घेतला, अंगणाचा, मोकळ्या रानाचा, हवेचा, आणि मग पुढच्या पायांवर डोकं ठेवून तो आडवा झाला. ताईबाईनं जाऊन त्याचं दावं सोडलं. तो कुठंच गेला नाही.

ती अंगणात उभी राहिली. सगळीकडं सपाट होतं. खोडक्या, पाचट, आणि लांब रस्त्यावरनं जाणारी एस.टी. एवढं लांबपर्यंत तिला ह्या अंगणातनं कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं, आणि ह्या सगळ्या उजेडात माणूस म्हणून कुठं काही नव्हतं. तिचे हात खांद्यापासून जड झाले होते.

मागं बाज करकरली. अप्पा एका बाजूला सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली.

"दमलीस ताईबाई," ते म्हणाले. "ये, बस."

इतक्या वर्षांत तिला हे कुणीच म्हटलं नव्हतं.

ती जाऊन बसली.